एकतीस घरांची उत्तरं

३ मार्च, सोमवार

बारके,

फोनवर बोलणार नाहीस, काय असेल ते लिहून दे म्हणालीस. घे, लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडायचं नाही. आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी नव्याने मोजून द्यायचे?

माझं म्हणणं त्या दिवशी अंगणात सांगितलं तेच आहे. गेल्या वर्षी तू तुझ्या सर्वेक्षणाच्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिलास. आपल्या इमारतीतली अठ्ठावीस घरं मी स्वतः फिरले. एकेका दारात उभी राहून सगळे प्रश्न वाचून दाखवले, घसा बसला. समोरच्या इमारतीतली एकतीस घरं मी शिवणवालीकडे सोपवली, कारण ती राहते तिकडेच आणि मला धुलाईखान्यातून सुटी नव्हती. तिने ते फॉर्म दारोदार जाऊन भरले की घरात बसून मनाने भरले, हे मला कसं कळणार? मी काय तिच्या मागे मागे फिरणार?

तू तिला सगळ्यांसमोर विचारलंस, तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. अंगावर न केलेलं आलं तर माणूस गप्प बसतं का? तूच शिकलेली आहेस, तूच सांग.

तुझा रिपोर्ट पेपरात आला आणि समोरचे लोक भडकले, त्यात माझा काय दोष? 'त्या इमारतीने या इमारतीसाठी दारं बंद केली आहेत, इकडचे लोक मात्र अजून हात पुढे करतात,' असं छापून आलं की ते विचारणारच, आम्हाला कोणी विचारलं होतं म्हणून. आणि तू समोरच्या इमारतीत खालच्या फळ्यावर माफीची चिठ्ठी लावलीस ना, 'आपल्याच इमारतीतल्या एका व्यक्तीने फॉर्म खोटे भरले', ती अजून तिथेच आहे. नाव घातलं नाहीस, पण नाव सगळ्यांना माहीत आहे. सगळं अंगण बघत होतं.

शिवणवाली आठ दिवस कामावर आलेली नाही. इस्पितळाच्या फाटक्या चादरींचा ढीग ठिगळखोलीच्या खिडकीला टेकलाय. मुकादम माझ्यावर ओरडतो. मला कशाला ओरडतो?

तू जाताना हळूच विचारलंस, "अक्का, नक्की ना?" त्या 'नक्की'ने माझं डोकं फिरलं. माझ्या हातावरच्या फोडांवर शिकलीस आणि मलाच चोर ठरवतेस, असं मी बोलले. बोलायला नको होतं. पण बोलले, आता गिळता येत नाही.

तुमच्या ऑफिसातल्या चौकशी समितीपुढे अठ्ठावीस तारखेला काय सांगायचं ते तू ठरव. मला जे माहीत होतं ते लिहिलं.

अक्का


९ मार्च, रविवार

बारके,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, आमच्याकडचा पोस्टमन आळशी असला तरी तुमच्याकडचा नसेल.

एक राहिलं होतं ते सांगते. त्या एकतीस फॉर्ममधले चार-पाच मी भरले असतील. पाच-सहा म्हण. शिवणवालीने परत दिले तेव्हा काही कोरे होते, तुझी घाई चालली होती, तू फोनवर फोन करत होतीस, म्हणून मी पुरे केले. सगळ्यांना ओळखते मी, कोण काय म्हणणार हे मला पाठ आहे. तुझ्या वरच्या साहेबांसमोर तूच म्हणाली होतीस, "आमच्या अक्कासाठी या वस्तीत एक दार बंद नाही." मी चहाचा कप हातात घेऊन मान डोलावली होती. मग तुला काय तोंड दाखवायचं?

खरं तर चार वर्षांपूर्वीच्या निवडणुकीपासून अर्धी दारं बंदच आहेत. तू तेव्हा इथे नव्हतीस. दोन्ही इमारती पाडून नव्या बांधाव्यात म्हणणारा एक पक्ष, पाडू नयेत म्हणणारा दुसरा. आमची इमारत एकीकडे, समोरची दुसरीकडे, आणि मधलं अंगण कोणाचंच नाही. आधी वादावादी झाली, मग टोमणे, मग लोकांनी एकमेकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभं राहणंही सोडलं. निकालाच्या दिवशी मी शिवणवालीच्या घरी गेले. माझ्या नवऱ्याचा शर्ट शिवायला दिला होता, तो तिच्या मशीनवरून ओढून घेतला आणि जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असल्या विकलेल्या हातचं नको मला." शर्टाला एकच बाही लागली होती. नवरा म्हणाला, "आता हा मी कसा घालू? अर्धा राजकारणात गेला म्हणून सांगू?" सगळे हसले, मी हसले नाही.

तेव्हापासून तिच्याशी बोलणं नाही. कामाची जागा मात्र एकच. मी गरम चादरी निवडायच्या, फाटकी निघाली की खिडकीच्या कठड्यावर ठेवायची, पलीकडून तिने उचलायची. चार वर्षं. तिचे हात मला दिसतात, तोंड दिसत नाही, कारण खिडकी बुटकी आहे.

फॉर्म घेऊन मी तिकडे गेले होते. लोकांनी तोंडावर दारं लावली, म्हणून मग तिच्याकडे दिले. एवढंच आहे.

ती कामावर आली परवा. तिच्या इमारतीतले लोक आता तिच्याकडे शिवायला देत नाहीत म्हणे. "आमच्या वतीने उत्तरं द्यायला तुला कोणी सांगितलं," असं तिला नळावर सुनावलं कोणीतरी. इकडचे तर तिच्याशी आधीच बोलत नव्हते.

जेवतेस ना वेळेवर?

अक्का


१४ मार्च, शुक्रवार

बारके,

तुझा एका शब्दाचा मेसेज आला. 'किती?' मी फोन उशीखाली ठेवला, काढला, परत ठेवला. नवरा म्हणाला, "अंडं उबवतेस का?"

सगळे. एकतीसच्या एकतीस.

शिवणवालीच्या हातात तुझा एकही फॉर्म कधी गेला नाही. मी तिला विचारलंही नाही. तिचं नाव मी घेतलं, कारण तू अंगणात उभी राहून विचारत होतीस, तुझ्या मागे तुझे ते साहेब होते आणि समोर ती नेमकी जिना उतरत होती. तोंडात आलं ते नाव. दुसरं कोणी उतरत असतं तर कदाचित त्याचं आलं असतं. नाही, हेही खोटं. तिचंच आलं असतं.

लोकांनी दारं लावली म्हणून लिहिलं तेही खोटं. मी एकही दार वाजवलं नाही. गठ्ठा घेऊन समोरच्या जिन्याने चढले, पहिल्या मजल्यावर तिच्या दारापर्यंत गेले. आत मशीन चालू होती. हात वर केला. मशीन थांबली. बहुतेक तिने पावलं ओळखली. मी तशीच खाली आले. दार तिने लावलं नव्हतं, ते किलकिलं होतं.

मग तीन दुपारी, जेवणाच्या सुटीत, इस्त्रीच्या यंत्रामागे पालथ्या टोपलीवर बसून मी एकतीस घरांची उत्तरं दिली. माणूस बदलला की पेन बदलायचं, दोन निळी एक काळं. कंटाळा आला की डावा हात. तो प्रश्न होता ना, 'विरुद्ध पक्षाला मत देणाऱ्या शेजाऱ्याकडे तुमचं मूल दोन तास ठेवाल का?' मी एकतीस वेळा 'नाही' लिहिलं. शिवणवालीच्या फॉर्मवरही. तिची पोर माझ्या घरात लहानाची मोठी झाली, बारके, तुझ्या जुन्या पाटीवर अक्षरं गिरवली तिने. तरी लिहिलं.

ती दहा पायऱ्यांची शिडी, 'समाजात तुम्ही स्वतःला कितव्या पायरीवर समजता?' मी त्या सगळ्यांना आठव्या-नवव्या पायरीवर बसवलं. मला वाटायचं, ते स्वतःला तसलेच समजतात. आणि शेवटच्या पानावरचा प्रश्न, 'महत्त्वाची गोष्ट तुम्ही कोणाशी बोलता, पाच नावं,' त्यात मी एकालाही आमच्या इमारतीतलं नाव लिहू दिलं नाही. त्यांच्यातल्या त्यांच्यातच फिरवली नावं.

तू तो मोठा कागद आणला होतास, आठवतंय? ठिपके म्हणजे माणसं, रेघा म्हणजे बोलणं. टेबलावर पसरून मला समजावत होतीस. आमच्या बाजूने अकरा रेघा निघून अंगण ओलांडून पलीकडे जात होत्या, आणि पलीकडून एकही परत येत नव्हती. तू म्हणालीस, "बघ अक्का, तुमचे लोक अजून त्यांना आपलं समजतात, ते मात्र नाही समजत. हे मला अपेक्षित नव्हतं." तुझा चेहरा उतरला होता. या आवारात तूही वाढलीस ना.

मला तेव्हाच कळलं काय झालंय. त्या रेघा पलीकडे पोचत नव्हत्या, कारण पलीकडची टोकं मी कापली होती. तुझ्या पुढ्यात बसून मला ते दिसत होतं आणि मी बोलले नाही.

आणि मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. माझी बहीण, एवढी शिकलेली, ती म्हणतेय की आम्ही चांगले आणि ते वाईट, कागदावर छापून. मीच लिहिलेलं खोटं तू मला परत वाचून दाखवलंस आणि मी त्यावर विश्वास ठेवला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "बघ, मी म्हणत होते ना!"

हे समितीला दे. माझं नाव घालून दे. 'घरातली एक व्यक्ती' वगैरे लिहून सांभाळून घेऊ नकोस. तुझ्यावर आलं तर काय होईल ते मला नीट कळत नाही, तू काही सांगत नाहीस. नोकरी जाईल का? जात असेल तर मला आधी सांग, म्हणजे मी साहेबांच्या दारात येऊन बसेन. नको, तसं नको. तू म्हणशील ते.

फोडांचं जे बोलले ते परत घेते. तू मला शिकव म्हणून कधी सांगितलं नव्हतंस. मला हौस होती, घरातलं एक तरी माणूस वर गेलेलं बघायची.

अक्का


२३ मार्च, रविवार

बारके,

या पत्रासोबत सतरा फॉर्म आहेत. रजिस्टर करून पाठवतेय, सही करून घे. नवे कोरे फॉर्म माझ्याकडे उरले होते तेच वापरले. चौदा घरांनी दार लावलं, त्यांच्या जागी मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पण आधी शिवणवाली. सोमवारी मी फाटकी चादर कठड्यावर ठेवली आणि हात काढला नाही. तिने पलीकडून ओढली, मी धरून ठेवली. मग ती वाकली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीतून तोंड दिसलं. बारीक झालीय.

मी म्हटलं, "बहिणीला लिहिलं मी सगळं. खरं काय ते."

"चार वर्षांनी तोंड उघडलंस ते हे सांगायला?"

"अंगणात गप्प का बसलीस? एक शब्द बोलायचास. तुला तर तिथल्या तिथे कळलं असणार."

"तू तिला शिकवलंस, ती येणार म्हणून आठ दिवस आधी जिना धुतेस. मी बोलले असते तर तुझ्याकडे कोण उरलं असतं?"

"आणि तुझ्याकडे?"

"मला वाटलं, माझे लोक आहेत की." तिने मशीनमधला दोरा कचकन तोडला. "सोड चादर. मुकादम बघतोय."

मी सोडली. माफी मागायची म्हणून गेले होते, ती तशीच तोंडात राहिली. सुटीनंतर परत गेले आणि मागितली. ती म्हणाली, "इथे खिडकीत काय मागतेस? जिन्यात बोलली होतीस ना? जिन्यात माग."

मंगळवारी संध्याकाळी समोरच्या जिन्यात उभी राहिले. लोक कामावरून येत होते. मी मोठ्याने म्हणाले, "फॉर्म मी भरले होते, हिने नाही. आणि चार वर्षांपूर्वी इथेच जे बोलले ते माझं चुकलं." एक म्हातारी म्हणाली, "बाई, जरा सरकून बोल, मला वर जायचंय." मी सरकले. मग तुझी माफीची चिठ्ठी फळ्यावरून काढली आणि माझी लावली, नावासकट. तशीच दुसरी आमच्या इमारतीत. आमच्याकडच्यांनी तर मला जास्तच फाडून खाल्लं, 'आमची अब्रू घालवलीस' म्हणून. बरोबर आहे त्यांचं.

बुधवारपासून दारं. प्रत्येक दारात आधी सांगायचं की मागच्या वेळी तुमची उत्तरं मीच दिली, आणि मग विचारायचं की आता खरी देता का. तिसऱ्या मजल्यावरचा निवृत्त कंडक्टर म्हणाला, "मग मी काय काय म्हणालो होतो? ऐकव तरी." मला पाठ होतं, ऐकवलं. तो बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? हिच्या मते मी इतका गाढव आहे." बायको आतून म्हणाली, "एवढं खोटं असून तेवढं बरोबर कसं आलं?" मग त्याने खुर्ची दिली. मी बसले नाही, पण दिली.

फॉर्ममधलं गुप्त असतं म्हणून हे तुलाच लिहिते. कंडक्टरने महत्त्वाची गोष्ट बोलायला पहिलं नाव आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वायरमनचं सांगितलं. दोघं चार वर्षं धुलाईखान्याच्या बॉयलरमागे पत्ते खेळतात, दोन्ही बायकांना ठाऊक नाही. अशा तुझ्या अकरा रेघांपैकी आठ रेघांची पलीकडची टोकं या सतरा फॉर्ममध्ये आहेत. उरलेल्या तीन त्या चौदा दारांच्या आत असतील किंवा नसतील. मला माहीत नाही. 'मला माहीत नाही' हे किती सोपं वाक्य आहे, बारके. गेल्या वर्षी आलं असतं तोंडात तर.

शिडीवर कोणीही आठव्या पायरीवर चढलं नाही. बहुतेक तीन नाहीतर चार. आपल्या इमारतीतल्या लोकांनी सांगितलं होतं तेच. मूल ठेवाल का या प्रश्नाला सहा जण 'नाही' म्हणाले, स्पष्ट म्हणाले, एक जण तर माझ्याकडे बोट करून म्हणाला. तेही लिहिलंय. सगळं गोड झालं असं समजू नकोस.

शिवणवालीचं दार शेवटी ठेवलं. तिने आत घेतलं. मशीनवर कापड नव्हतं, नुसतं झाकण होतं. मी फॉर्म काढला.

शिडीचं चित्र पाहून ती म्हणाली, "तिसरी. आणि तू मला कुठे बसवलं होतंस?"

"नववीवर."

ती हसायला लागली. मशीनच्या झाकणावर हात आपटून हसली. "नववीवर! तिथून तुझं घर दिसतं का गं?" मलाही हसू आलं. मग तिचं हसणं थांबलं आणि माझं एकटीचंच राहिलं, म्हणून मीही थांबले.

मूल ठेवाल का, हे मी वाचून दाखवलं. "पोर आता मोठी झाली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, हो लिहू की नाही? ती म्हणाली, मी म्हणाले तेच लिही. तेच लिहिलंय, चौकटीबाहेर गेलंय, सांभाळून घे.

शेवटचं पान. महत्त्वाची गोष्ट कोणाशी बोलता, पाच नावं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"इमारतीतली ती वरची? दोन बिऱ्हाडं पलीकडची?"

"फळ्यावर चिठ्ठी लागल्यापासून कोणी नाही."

"आता चिठ्ठी काढली मी."

"लोक काय चिठ्ठीसारखे पटकन निघतात?" ती खिडकीतून अंगणाकडे बघत होती. मग म्हणाली, "आधी तू होतीस. 'आधी'साठी जागा आहे का तुझ्या बहिणीच्या फॉर्मवर?"

मी पान उलटून बघितलं. खरंच बघितलं. नव्हती.

"मग राहू दे," ती म्हणाली.

पेन माझ्या हातात होतं. पाच रेघा समोर होत्या, रिकाम्या. एका रेघेवर माझं नाव लिहिलं असतं तर ती वाचायला उठली नसती, तिचा विश्वास होता म्हणून नव्हे, थकली होती म्हणून. मी टोपण लावलं.

बारके, फॉर्म टाइप करणाऱ्या माणसाला तेवढं सांग. एकतिसाव्या घराच्या त्या पाच ओळी बघून त्याला वाटेल की भरायच्या राहून गेल्यात. राहून गेलेल्या नाहीत. त्या तशाच घ्यायच्या.

अक्का